रडारच्या दोन फोटोंतून बर्फाची चाल आणि दिशा कशी काढायची, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ग्रीनलंडचा किंवा अंटार्क्टिकाचा तो रंगीत नकाशा तुम्ही कुठेतरी पाहिला असेलच, मध्ये फिकट आणि कडेला जाता जाता शिरांसारख्या गडद होत जाणाऱ्या रेघा. तो पाहून मला पहिला प्रश्न पडला होता की एवढ्या बर्फावर काठ्या रोवायला गेलं कोण? तर काठ्या रोवून, जीपीएस लावून मोजमापं होतात, पण ती मोजक्या जागी. बाकी बहुतेक नकाशा सातशे किलोमीटर वरून जाणाऱ्या रडारच्या फोटोंतून आलेला असतो, आणि त्यातला एक छोटा तुकडा आपण घरच्या कॉम्प्युटरवर, फुकट डेटा आणि फुकट सॉफ्टवेअर वापरून स्वतः काढू शकतो. कसा काढायचा ते सांगते. पहिला प्रयत्न असेल तर दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगते कारण पुढे ती परत परत येणार आहे. या कामात नकाशा निघणं अवघड नाही, नकाशा निघतोच, चुकीचा असला तरी छान रंगीत निघतो. म्हणून आपल्या चौकटीत ज्या जागेचं उत्तर आधीच माहीत आहे अशी एक तरी जागा पाहिजे. ती जागा म्हणजे उघडा खडक. खडक हलत नाही, त्याची चाल शून्य. तुमच्या नकाशात खडकच दिवसाला अर्धा मीटर चालत असेल तर शेजारच्या बर्फाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, इतकं साधं आहे.

रडारच का, आणि नेमकं मोजतो काय

साध्या कॅमेऱ्याच्या फोटोंतूनही बर्फाची चाल काढतात, पण ध्रुवाकडे हिवाळ्यात महिनोन्महिने रात्र आणि बाकीच्या वेळात ढग. रडार स्वतःच सिग्नल सोडतं आणि परत आलेला ऐकतं, त्याला ना उजेड लागतो ना मोकळं आभाळ. युरोपचा सेंटिनेल-१ हा त्यातला आपल्या कामाचा उपग्रह, तरंगलांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे सी-बँड. पहिला २०१४ च्या एप्रिलमध्ये गेला, त्याचा जोडीदार २०१६ च्या एप्रिलमध्ये. एक उपग्रह बरोब्बर बारा दिवसांनी त्याच वाटेवर परत येतो, दोन असले की सहा दिवसांनी फोटो मिळतो.

आता कल्पना अशी की आज एक फोटो घेतला, बारा दिवसांनी त्याच जागेवरून दुसरा घेतला, दोन्ही एकावर एक अचूक बसवले आणि पाहिलं की बर्फावरच्या खुणा किती सरकल्या. सरकलेलं अंतर भागिले दिवस म्हणजे चाल, आणि कुठल्या बाजूला सरकलं ती दिशा. शाळेत चाल आणि वेग वेगळे शिकवतात ना, चालीला दिशा नसते आणि वेगाला असते, ते इथे खरोखर कामाला येतं, कारण नुसत्या रंगांचा नकाशा म्हणजे चाल आणि त्यावर बाण आले की वेग.

आकडे किती वेगवेगळे असू शकतात ते डोक्यात ठेवा. हिमचादरीच्या मधल्या भागात बर्फ वर्षाला जेमतेम काही मीटर सरकतो. ग्रीनलंडच्या ईशान्येला जी लांबलचक आइस स्ट्रीम, म्हणजे आजूबाजूच्या बर्फापेक्षा जोरात वाहणारा बर्फाचा पट्टा, आहे (ती १९९३ मध्ये रडारच्याच चित्रांमधून ओळखली गेली) तिच्यावर जिथे ड्रिलिंगचा कॅम्प होता तिथे वर्षाला साधारण ५५ ते ६० मीटर. आणि पश्चिमेची सेर्मेक कुयालेक, जिला याकब्सहाव्न म्हणूनही ओळखतात, ती २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४६ मीटरवर गेली होती. वर्षाला पाच मीटर आणि दिवसाला ४६ मीटर, दोन्ही एकाच बेटावर. त्यामुळे एकच सेटिंग सगळीकडे चालेल ही अपेक्षा सोडून द्या.

दोन पद्धती, सुरुवात कुठल्या पद्धतीने करायची

पहिली पद्धत ऑफसेट ट्रॅकिंग. पहिल्या फोटोतला एक चौकोनी तुकडा उचलायचा, दुसऱ्या फोटोत तो इकडेतिकडे सरकवून बघायचा की सगळ्यात चांगला कुठे जुळतो, जिथे जुळला तितका तो सरकला. असे हजारो तुकडे. यात दोन्ही दिशांचं सरकणं एकाच जोडीतून मिळतं, उपग्रहाच्या वाटेला समांतर आणि वाटेला आडवं.

दुसरी इंटरफेरोमेट्री, सगळे इनसार म्हणतात. त्यात फोटोचा उजेड-अंधार बघत नाहीत, परत आलेल्या लाटेचा फेज, म्हणजे लाट तिच्या चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, बघतात. लाट जाऊन येते म्हणून अर्ध्या तरंगलांबीइतकं सरकलं की एक पूर्ण रंगीत पट्टा, सेंटिनेलसाठी एक पट्टा म्हणजे २.८ सेंटिमीटर. हे फार नाजूक मोजमाप आहे. १९९३ मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी ईआरएस-१ उपग्रहाच्या डेटावरून अंटार्क्टिकाच्या रटफर्ड आइस स्ट्रीमची चाल अशीच काढून दाखवली होती. पण या पद्धतीत फक्त उपग्रहाच्या नजरेच्या रेषेतलं सरकणं दिसतं, बाजूने गेलेला बर्फ दिसतच नाही, म्हणून चढत्या (उपग्रह उत्तरेकडे जाताना) आणि उतरत्या (दक्षिणेकडे जाताना) अशा दोन्ही वाटांचे फोटो लागतात आणि वर हेही गृहीत धरावं लागतं की बर्फ पृष्ठभागाला समांतर वाहतोय. शिवाय जोरात पळणाऱ्या हिमनदीवर पट्टे इतके दाट होतात की मोजताच येत नाहीत.

म्हणजे पळणाऱ्या बर्फाला ऑफसेट ट्रॅकिंग आणि रेंगाळणाऱ्याला इनसार. एक हिशोब करून बघा म्हणजे पटेल. वर्षाला पाच मीटर चालणारा बर्फ बारा दिवसांत सरकतो १६ सेंटिमीटर. आपण ज्या फोटोंवर काम करणार त्यांचा पिक्सेल दहा मीटरचा, आणि जुळवणी पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत नेली तरी चूक एक मीटरची, त्यात १६ सेंटिमीटर कुठे सापडणार? तेच इनसारमध्ये, दिशा सोयीची असेल तर, तीनेक पट्टे येतात, आरामात मोजता येतात. नवीन माणसाने मात्र ऑफसेट ट्रॅकिंगनेच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. फेज उलगडायचं गणित चुकलं तर कुठे चुकलं ते शोधण्यात नवखा माणूस हैराण होतो.

जागा निवडणं

इथे घाई नको. चौकटीत तीन गोष्टी असायला हव्यात: जोरात चालणारा बर्फ, संथ बर्फ, आणि उघडा खडक. ग्रीनलंडचा पश्चिम किनारा यासाठी उत्तम, हिमनद्या फ्योर्डमधून, म्हणजे समुद्राच्या अरुंद, खोल खाड्यांमधून, उतरतात आणि दोन्ही बाजूंना काळे कडे असतात. अंटार्क्टिकाच्या मधोमध जागा घेतली तर खडक सापडायचा नाही, तिथे बर्फातून डोकं वर काढलेले डोंगर शोधत बसावं लागतं, नुनाटक म्हणतात त्यांना.

हिमनदी किमान तीन-चार किलोमीटर रुंद असू द्या. का ते खिडकीच्या भागात कळेल.

आणि फोटो हिवाळ्यातले घ्या. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, ओला झाला की रडारला त्याचं रूपच बदललेलं दिसतं आणि तुकडे जुळत नाहीत. जोराचा बर्फ पडला किंवा वाऱ्याने भुसभुशीत बर्फ उडवला तरी तेच. ग्रीनलंडसाठी जानेवारी-फेब्रुवारीतली एक जोडी उन्हाळ्यातल्या पाच जोड्यांपेक्षा जास्त देते.

फोटो मिळवणं

सेंटिनेलचा डेटा दोन ठिकाणी सहज मिळतो, युरोपच्या कोपर्निकस डेटा स्पेसवर आणि अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या व्हर्टेक्सवर. दोन्हीकडे फुकट अकाउंट काढावं लागतं. नकाशावर चौकोन काढायचा, तारखा द्यायच्या, आणि मग गाळण्या लावायच्या. त्या गाळण्याच महत्त्वाच्या.

मोड, म्हणजे फोटो घ्यायची पद्धत, आयडब्ल्यू. प्रॉडक्ट जीआरडी, म्हणजे फक्त उजेड-अंधाराचं तयार चित्र, पहिल्यांदा तरी. एक फाइल साधारण एक जीबीची. एसएलसी नावाचा दुसरा, फेजसकटचा कच्चा प्रकार आहे, तो चार जीबीच्या वर जातो, त्यावर शेवटी बोलू. पोलरायझेशन, म्हणजे लाट आडवी की उभी, ते एचएच (आडवी सोडून आडवीच ऐकलेली), ध्रुवीय भागात बहुतेक तेच असतं, सोबत एचव्ही आलं असेल तर ते बाजूला ठेवा, त्यात सिग्नल कमजोर असतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही फोटोंचा रिलेटिव्ह ऑर्बिट नंबर, म्हणजे उपग्रहाच्या वाटेचा नंबर, एकच पाहिजे. एकच म्हणजे एकच. दोन फोटोंत बारा दिवसांचं अंतर आहे, दोन्हींत हिमनदी दिसतेय, म्हणून जोडी झाली असं नाही. शेजारच्या वाटेवरून घेतलेल्या फोटोत रडारचा कोन वेगळा, डोंगर वेगळ्या बाजूला झुकलेले दिसतात आणि बर्फ न हलताच हलल्यासारखा येतो. फ्रेमही शक्यतो तीच असू द्या.

बारा दिवसांची जोडी चालते, पण सहा दिवसांची मिळाली तर तीच घ्या, निदान पळणाऱ्या हिमनदीसाठी. २०१६ च्या शेवटापासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत दोन्ही उपग्रह चालू होते, मग दुसऱ्याच्या पॉवर सप्लायमध्ये बिघाड झाला आणि तो बंद पडला. शिकायला ही मधली पाच वर्षं सोन्यासारखी आहेत. सेंटिनेल-१सी २०२४ च्या डिसेंबरमध्ये वर गेला.

दोन फोटो एकमेकांवर बसवणं

सॉफ्टवेअर स्नॅप घ्या, युरोपियन स्पेस एजन्सीचं आहे, फुकट आहे आणि बटणं दाबून चालतं. रॅम १६ जीबी असेल तर बरं.

आधी ऑर्बिट फाइल लावायची. उपग्रह नेमका कुठे होता याची अचूक माहिती फोटोनंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, म्हणून कालपरवाचा फोटो घेऊ नका, महिनाभर जुना घ्या आणि प्रिसाइज ऑर्बिटच निवडा. दोन्ही फोटोंना लावायची, एकाला लावून दुसऱ्याला विसरणं हे फार वेळा होतं.

मग डीईएम-असिस्टेड कोरजिस्ट्रेशन, म्हणजे जमिनीच्या उंचीचा नकाशा मदतीला घेऊन दोन्ही फोटो जुळवणं. इथे एक खड्डा आहे. उंचीच्या नकाशांच्या यादीत एसआरटीएम आधीपासून निवडलेलं असतं, आणि एसआरटीएम फक्त उत्तरेला ६० अंश आणि दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतच आहे, ते स्पेस शटलवरच्या रडारने मोजलेलं आहे आणि शटलची वाटच तेवढी होती. ग्रीनलंडचा जवळजवळ सगळा भाग आणि अंटार्क्टिका त्याच्या बाहेर. तेव्हा यादी उघडून कोपर्निकसचा ३० मीटरचा ग्लोबल डीईएम निवडा. पुढे जाऊन अजून बारीक काम करायचं झालं तर उत्तरेला आर्क्टिक-डीईएम आणि दक्षिणेला रेमा आहेत.

जुळवणी झाली की दोन्ही फोटो एकाच खिडकीत आरजीबी करून बघा, पहिला लाल, दुसरा हिरवा. खडकांच्या कडा पिवळ्या आणि स्वच्छ दिसल्या पाहिजेत. कडेला लाल-हिरवी किनार दिसली तर जुळवणी फसली, पुढे जाऊच नका. हिमनदीवर मात्र लाल-हिरवी किनार दिसलीच पाहिजे, भेगा सरकलेल्या असतात ना. मी प्रत्येक जोडीला हे करते, दोन मिनिटं लागतात, आणि खरं सांगते, पहिल्यांदा जेव्हा एकाच भेगेची लाल रेघ आणि तिच्यापासून थोडी पुढे हिरवी रेघ दिसली तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. बारा दिवसांत एक अख्खी भेग समुद्राच्या दिशेने गेली होती आणि ती दोन रेघांत समोर होती.

नंतर सबसेट, म्हणजे हवा तेवढा तुकडा कापणं. कापताना खडक कापून टाकू नका, हे लक्षात ठेवा.

ऑफसेट ट्रॅकिंगची सेटिंग्ज

इथे वेळ द्यायचा. खिडकी उघडली की आकडे आधीच भरलेले दिसतात आणि नवीन माणूस तसंच रन दाबतो.

रजिस्ट्रेशन विंडो म्हणजे तो तुकडा किती मोठा, समजा १२८ पिक्सेल, दहा मीटरच्या हिशोबाने १.२८ किलोमीटर. मोठा तुकडा घेतला तर जुळतो खात्रीने पण त्यातल्या सगळ्या बर्फाची सरासरी येते. हिमनदी दीड किलोमीटर रुंद असेल तर तुकड्यात अर्धा बर्फ आणि अर्धा खडक येणार, आणि उत्तर ना इकडचं ना तिकडचं. म्हणून मघाशी रुंद हिमनदी घ्या म्हटलं. छोटा तुकडा, ६४ वगैरे, बारकावा देतो पण मधेच भलतीकडे जुळतो. शिवाय तुकडा स्वतःच्या अर्ध्या लांबीपेक्षा जास्त सरकला तर सापडणारच नाही. दिवसाला ४६ मीटर म्हणजे बारा दिवसांत ५५२ मीटर, ५५ पिक्सेल, १२८ च्या खिडकीची अर्धी लांबी ६४, म्हणजे अगदी कडेवर. सहा दिवसांची जोडी असेल तर तेच २८ पिक्सेल होतात.

ग्रिड स्पेसिंग म्हणजे किती अंतरावर एक मोजमाप. ४० पिक्सेल ठेवलं तर दर ४०० मीटरला एक बाण. हे अजून दाट केलं म्हणजे खरा बारकावा वाढला असं होत नाही, शेजारचे तुकडे एकमेकांवरच पडत असतात.

आणि मॅक्स व्हेलॉसिटी. याच्यापेक्षा जास्त चाल आली तर ते मोजमाप चुकीचं समजून टाकून दिलं जातं. आधीपासून भरलेला आकडा दिवसाला पाच मीटर असतो, म्हणजे वर्षाला साधारण १८०० मीटर, आणि बऱ्याच हिमनद्यांना तो पुरतो. माझी पहिली मोठी चूक इथलीच. मी सेर्मेक कुयालेक घेतली होती, पाच तसंच ठेवलं, नकाशा आला, गुळगुळीत, सुंदर, हिमनदीच्या मधोमध दिवसाला चारेक मीटर. दोन दिवस मी तोच नकाशा बरोबर समजून त्यावर लिहीत बसले. खडक तपासला होता, तो शून्याच्या जवळ होता, सगळं ठीक वाटत होतं. मग तयार नकाशाशी लावून पाहिलं तर तिथे त्याच जागी कितीतरी पट जास्त. झालं असं होतं की मधली खरी, जोरातली मोजमापं पाचच्या वर म्हणून सगळी बाद झाली, आणि मग होल फिलिंग नावाच्या सेटिंगने त्या रिकाम्या जागा बाजूच्या संथ बर्फाच्या सरासरीने भरून काढल्या. भोक दिसलं असतं तर शंका आली असती, पण भोक बुजवलेलं होतं.

तेव्हापासून माझा नियम, पहिला रन नेहमी होल फिलिंग जितकं कमी करता येईल तितकं कमी ठेवून करायचा आणि मॅक्स व्हेलॉसिटी त्या हिमनदीच्या माहीत असलेल्या चालीच्या दुप्पट ठेवायची. भोकं दिसू द्या. कुठे जुळलं नाही ही पण माहितीच आहे.

क्रॉस-कोरिलेशनची, म्हणजे तुकडा किती पक्का जुळला त्या आकड्याची, मर्यादा ०.१ अशी फार सैल असते, ती वाढवून बघा, जितकी वाढवाल तितकी मोजमापं कमी पण भरवशाची. रन झाल्यावर रेंज डॉपलर टेरेन करेक्शन करून चित्र नकाशावर आणायचं, परत एकदा डीईएम तपासून, कारण इथे यादी नव्याने येते आणि निवड परत एसआरटीएमवर गेलेली असू शकते.

आता खडक बघा

नकाशा आला की हिमनदीकडे जाऊ नका. आधी खडकावर दहा-वीस ठिकाणी कर्सर ठेवून आकडे वहीत लिहा. दिवसाला शून्य ते ०.१ मीटरच्या आसपास असेल तर छान, जीआरडीच्या मानाने तेवढी चूक असतेच. सगळीकडे ०.४, ०.५ आणि बाणही सगळे एकाच बाजूला, तर जुळवणीत सरळ सरकणं राहिलंय, ते खडकाच्या आकड्यांच्या मिडियनइतकं, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याइतकं, सगळ्या चित्रातून वजा करता येतं (वजा करताना चाल नाही, दोन्ही घटक वेगवेगळे वजा करायचे). आकडे विखुरलेले, बाण चारी दिशांना, तर तो नुसता गोंगाट आहे आणि त्याची रुंदी हीच तुमच्या नकाशाची चूक. हिमनदीचा आकडा सांगताना ही चूक सोबत सांगायची.

इनसार शिकाल तेव्हाही हेच येईल. फेज फक्त फरक सांगतो, शून्य कुठे ते सांगत नाही, ते शून्य तुम्हाला खडकावरून द्यावं लागतं.

दिशा काढताना होणारे घोटाळे

स्नॅप चालीचा बँड (आकड्यांचा एक थर) देतं आणि बाण वेगळ्या लेयरमध्ये. पण पुढे तुम्ही तयार डेटा उघडाल, तिथे दोन बँड असतात, व्हीएक्स आणि व्हीवाय, नकाशाच्या आडव्या आणि उभ्या दिशेतला वेग. चाल काढायला दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ. समजा व्हीएक्स उणे १२०० आणि व्हीवाय ५००, मीटर प्रतिवर्ष, तर चाल १३००. दिशा एटॅन२ या कोन काढणाऱ्या फंक्शनने, वरच्या दिशेपासून घड्याळाच्या काट्यासारखी मोजली तर २९२.६ अंश, म्हणजे डावीकडे आणि थोडं वर.

लोक इथे लगेच म्हणतात, पश्चिम-वायव्य. थांबा. हे एक्स-वाय नकाशाचे आहेत, पृथ्वीचे पूर्व-उत्तर नाहीत. ग्रीनलंडचे नकाशे बहुतेक ईपीएसजी ३४१३ या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची एक पद्धत) असतात, त्यात फक्त ४५ अंश पश्चिम रेखांशावर नकाशाची वरची बाजू म्हणजे खरी उत्तर. त्याच्या पश्चिमेला जितके अंश जाल तितके अंश वजा करायचे, पूर्वेला गेलात तर मिळवायचे. सेर्मेक कुयालेक ४९.५ पश्चिमेच्या आसपास, तेव्हा साडेचार वजा, २८८.१ अंश. इथे फरक थोडा आहे, पण ईशान्येकडच्या आइस स्ट्रीमच्या तोंडाशी तो पंचवीसेक अंशांवर जातो. अंटार्क्टिकाच्या ईपीएसजी ३०३१ मध्ये तर पाइन आयलंड हिमनदीजवळ खरी उत्तर जवळजवळ डाव्या हाताला असते! बाण नकाशावरच काढणार असाल तर काही फिरवायची गरज नाही, शब्दांत दिशा सांगायची असेल तेव्हाच हे करायचं.

दुसरा घोटाळा सरासरीचा. दोन जोड्यांतून दिशा आल्या ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळपास उत्तर, आणि सरासरी काढली १८०, म्हणजे सरळ दक्षिण. कोनांची सरासरी काढायचीच नाही, आधी व्हीएक्सची आणि व्हीवायची वेगवेगळी सरासरी, मग त्यावरून कोन.

युनिट्सही सांभाळा. स्नॅप मीटर प्रतिदिवस देतं, तयार नकाशे मीटर प्रतिवर्ष. हिवाळ्यातल्या बारा दिवसांतून आलेल्या रोजच्या चालीला ३६५ ने गुणलं म्हणजे ती वर्षाची चाल झाली असं नाही, हिमनद्या उन्हाळ्यात वेगळ्या चालतात.

दिशेची तपासणी सोपी आहे. बर्फ उताराकडे वाहतो, पण बर्फाच्या पृष्ठभागावरच्या बारीक उंचवट्यांना जुमानत नाही, म्हणून डीईएम बराच, म्हणजे काही किलोमीटरपर्यंत गुळगुळीत करायचा आणि त्याच्या उतारावर बाण ठेवून बघायचे. चढावर जाणारे बाण जिथे दिसतील तिथे लाल खूण करा. हिमनदीच्या कडेचे बाणही मधल्या प्रवाहाशी साधारण समांतर असतात, एखादाच बाण शेजाऱ्यांपेक्षा एकदम आडवा गेला तर तो चुकीची जुळणी आहे, मिडियन फिल्टरने तो जातो.

नकाशात भलतंच काही दिसलं तर

लांब, समांतर, लाटांसारखे पट्टे, बर्फाच्या आकाराशी काही संबंध नसलेले आणि बहुतेक उपग्रहाच्या वाटेच्या दिशेतल्या मोजमापात, हे आयनोस्फिअर, वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर. ध्रुवाकडे ते नेहमीच खवळलेलं असतं. एका जोडीत आलं तर ती जोडी सोडा, पुढची घ्या, ते दरवेळी वेगळ्या जागी येतं त्यामुळे दहा जोड्यांच्या मिडियनमध्ये निघून जातं.

समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर, आइस शेल्फवर, अजून एक भानगड. भरती-ओहोटीने तो बर्फ वरखाली होतो आणि रडार तिरकं बघत असल्यामुळे वर उचललेला बर्फ आडवा सरकल्यासारखा दिसतो. मीटरभर भरती म्हणजे मीटरभराच्या आसपासच चूक. याच गोष्टीचा उलटा उपयोग करून बर्फ जमीन सोडून तरंगायला कुठे लागतो ती रेषा इनसारने काढतात, पण ते पुढचं काम.

हिमनदीच्या तोंडापुढे फ्योर्डमध्ये भरलेल्या हिमखंडांच्या गर्दीवर आकडे आले तर त्यांना हिमनदीची चाल समजू नका. किनाऱ्याची रेषा काढून पलीकडचं सगळं झाकून टाका.

पुढे काय

एका जोडीनंतर लगेच त्याच वाटेवरच्या आठ-दहा जोड्या करा, सेटिंग्ज न बदलता, आणि प्रत्येक पिक्सेलचा मिडियन घ्या. फाइलच्या नावात दोन्ही तारखा, ऑर्बिट नंबर, विंडो आणि मॅक्स व्हेलॉसिटी लिहून ठेवा, तीन महिन्यांनी कुठला नकाशा कुठल्या आकड्यांनी काढला हे आठवत नाही.

मग तयार नकाशांशी तुलना. नासाचा इट्स-लाइव्ह प्रकल्प जगभरच्या हिमनद्यांची चाल देतो, त्याच्यामागचं ऑटोरिफ्ट हे सॉफ्टवेअरही खुलं आहे, पायथन येत असेल तर स्नॅपनंतर तिकडेच वळा. अंटार्क्टिकासाठी एरिक रिग्नो यांच्या गटाचा नकाशा, अख्ख्या खंडाचा पहिला पूर्ण नकाशा त्यांनी २०११ मध्ये दिला आणि २०१९ मध्ये फेजवर आधारलेला कितीतरी अचूक. तुमचा आणि त्यांचा फरक काढा आणि फरक जिथे मोठा आहे तिथे परत फोटो उघडून डोळ्यांनी भेगा बघा. कधी तुमची चूक सापडेल, आणि कधी खरंच हिमनदीची चाल बदललेली असेल. सेर्मेक कुयालेकच २०१६ नंतर काही वर्षं मंदावली होती, फ्योर्डमध्ये थंड पाणी आलं म्हणून.

हात बसला की एसएलसी. जीआरडीमध्ये आपण भेगांसारख्या दिसणाऱ्या खुणा जुळवतो, त्यामुळे आतल्या सपाट, एकसारख्या बर्फावर काही सापडत नाही. पण रडारच्या कच्च्या चित्रात जी मिठासारखी पांढरी-काळी रवाळ नक्षी असते, स्पेकल म्हणतात, ती नुसता गोंगाट नाही. बर्फाच्या आतली रचना तीच राहिली आणि रडार त्याच कोनातून बघत असलं तर बारा दिवसांनी ती नक्षीही तशीच परत येते, बर्फाबरोबर सरकलेली. मग भेग नसलेल्या ठिकाणीही तुकडा जुळतो. जीआरडी बनवताना सरासरी करून ही नक्षी बरीचशी पुसली जाते. एसएलसीत पिक्सेल वाटेच्या आडव्या दिशेत अडीच मीटरच्या आत आणि वाटेच्या दिशेत साधारण चौदा मीटर, म्हणून खिडकी चौरस ठेवायची नाही, आडव्या दिशेत पाच-सहा पट जास्त पिक्सेल घ्यायचे.

आणि आता निसार आहे, इस्रो आणि नासाचा मिळून, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला. त्याचा एल-बँड २४ सेंटिमीटरचा, बर्फात खोल जातो, वरचा बर्फ थोडा बदलला तरी जुळवणी टिकते, आणि तो डावीकडे बघतो म्हणून दक्षिण ध्रुवाच्या जवळचा भागही दिसतो, जो सेंटिनेलला त्याच्या उजव्या नजरेमुळे दिसत नाही. फक्त आयनोस्फिअरचा त्रास एल-बँडला कित्येक पट जास्त. तेव्हा निसारची जोडी हातात आली की खिडकीचा आकार, मॅक्स व्हेलॉसिटी सगळं नव्याने ठरवा, आणि पहिला कर्सर परत त्याच खडकावर ठेवा ज्याचे आकडे तुम्ही सेंटिनेलच्या वेळी वहीत लिहून ठेवलेत.